कायद्याचा आधार कसा दाखवावा?

(आकाशवाणीवरील भाषण)

मी व्यवसायाने शाळामास्तर. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही आणि न्यायालयाची पायरी मी साक्षीदार म्हणूनसुद्धा कधी चढलेलो नाही. तेव्हा प्रबंधात कायद्याचे आधार कसे द्यावेत, या विषयावर मी बोलायला उभा राहावे याचे तुम्हांला नवल वाटले तर ते साहजिकच आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थिनीमुळे, आणि तीच हकीकत प्रथम सांगितलेली बरी.

ही मुलगी माझ्या वर्गात मराठी शिकली. पुढे वकिलीची परीक्षा देऊन ती कायद्याच्या उच्च पदवीचा अभ्यास करू लागली. विधवेचा मालमत्तेवरील हक्क हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती टंकलिखित प्रत घेऊन घरी आली आणि म्हणाली, “सर, भाषा तेवढी एकदा नजरेखालून घाला.” मी वाचू लागलो. भाषा चांगली होती. परंतु प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडे, कंस आणि आद्याक्षरे यांची जी दाटी होती, तिच्यापाशी येऊन मी अडलो. मी विचारले, “हे सारे तू स्वतः उघडून पाहिले आहेस ना?” ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, “सर, सगळेच नाही. पुष्कळसे दुसऱ्या पुस्तकांतून घेतले आहेत. तळटिपा कोण वाचतो?”

गणिताच्या तासाला आमच्या शाळेत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते: “उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे आहे?” रीत दाखविली नाही तर पुरे गुण मिळत नाहीत. उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरविता येते, रीत मात्र ज्याची त्याला करावी लागते. तळटीप ही प्रबंधाची रीत होय. मी तिला एवढेच म्हटले आणि आमचे एक जुने स्नेही, वयोवृद्ध वकील, त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. त्यांच्या कपाटांत निर्णयसंग्रहांच्या जाडजूड खंडांच्या रांगा आहेत. तीन रविवार आम्ही तेथे बसलो. एकंदर चौसष्ट तळटिपा होत्या. त्यांपैकी एकवीस टिपांत काही ना काही दोष निघाला. ते दोष कोणत्या जातीचे होते, हे आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. कारण ते केवळ त्या मुलीचे नाहीत. कायद्याविषयी लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या आणि वर्तमानपत्रांत पत्रे धाडणाऱ्या आपणां सर्वांचे ते दोष आहेत.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इतर विषयांत आपण एखाद्या विद्वानाचे वाक्य उद्धृत करतो, ते आपल्या मताला दुजोरा म्हणून. कायद्यात तसे नसते. तेथे जो आधार दाखवावयाचा तोच मुळी कायदा असतो. संविधान, विधिमंडळाने केलेले अधिनियम, त्यांखालील नियम आणि न्यायालयांचे निर्णय हे मूळ आधार. त्यांवर पंडितांनी लिहिलेले ग्रंथ आणि लेख हे दुय्यम आधार. दुय्यम आधार उपयोगी असतात, पण कायदा काय आहे हे सांगताना भाष्यकाराचा हवाला देऊन थांबणे म्हणजे घरी आलेल्या पत्रातील मजकूर पत्र न उघडता शेजाऱ्याला विचारण्यासारखे आहे. वकीलसाहेबांनी पहिल्याच रविवारी सांगितले, “मास्तर, आधी मूळ उघडा. भाष्य मागाहून.”

पहिला दोष अगदी साधा वाटेल. प्रबंधात एके ठिकाणी नुसते ‘कलम ३०२’ असे लिहिले होते. कशाचे कलम, याचा उल्लेख नव्हता. कालपर्यंत तो चालूनही गेला असता. ‘तीनशेदोन’ म्हटले की खून, ‘चारशेवीस’ म्हटले की फसवणूक, हे आपल्याकडे चित्रपटांनी लहान मुलांनाही शिकविले आहे. परंतु १८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अंमलात आली. या नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. तिच्यातही ३०२ क्रमांकाचे कलम आहे, पण ते बुद्धिपुरस्सर धार्मिक भावना दुखविणारे शब्द उच्चारण्याविषयीचे आहे. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्यात ३५८ आहेत. म्हणजे ४२० हा क्रमांक नव्या संहितेत मुळी नाहीच. फसवणुकीची तरतूद आता कलम ३१८ मध्ये पाहावी लागते. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते. तेव्हा क्रमांकाच्या आधी अधिनियमाचे पूर्ण नाव आणि त्याचे वर्ष हवेच. नुसता क्रमांक म्हणजे गावाचे नाव न लिहिता घरक्रमांक लिहून पाकीट पेटीत टाकणे होय.

येथेच शब्दांचीही काळजी घ्यावी. संविधानाच्या तरतुदीला मराठीत ‘अनुच्छेद’ म्हणतात, अधिनियमाच्या तरतुदीला ‘कलम’. कलमाच्या पोटात पोटकलम असते, त्याखाली खंड, आणि कधी शेवटी ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारे परंतुक. कलमाने दिलेला हक्क परंतुकाने काढून घेतलेला असतो, असे पुष्कळदा आढळते. ज्याने कलम उतरविले आणि परंतुक गाळले, त्याने खोटे लिहिले असे म्हणता येत नसले तरी खरे लिहिले असेही म्हणता येत नाही.

दुसरा दोष न्यायनिर्णयांच्या उल्लेखांत होता. या उल्लेखांची लिपी एकदा समजली की ती मुळीच अवघड नाही. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींनी २४ एप्रिल १९७३ रोजी दिला. संसदेला संविधानात दुरुस्ती करता येते, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे तत्त्व सात विरुद्ध सहा मतांनी प्रस्थापित झाले ते याच निर्णयात. याचा उल्लेख ‘ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१’ असा केलेला आढळतो. आमची विद्यार्थिनी हसत म्हणाली की पहिल्या वर्षी वर्गातील एका मुलाला ही आद्याक्षरे आकाशवाणीची वाटली होती. श्रोतेहो, आकाशवाणीच्या पूर्वीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तीच, हे खरे. पण येथे त्यांचा अर्थ ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ असा आहे. नागपूरच्या चितळे यांनी सुरू केलेला हा निर्णयसंग्रह देशभरच्या न्यायालयांत चालतो, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. त्यापुढील १९७३ हे खंडाचे वर्ष, ‘एस.सी.’ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा विभाग आणि १४६१ हे जेथे निर्णय सुरू होतो ते पान.

हाच निर्णय ‘(१९७३) ४ एस.सी.सी. २२५’ असाही दाखविता येतो. ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या दुसऱ्या संग्रहाच्या त्या वर्षीच्या चौथ्या खंडातील २२५वे पान, असा त्याचा अर्थ. निर्णय एक, संग्रह दोन, पाने निराळी. आमच्या प्रबंधात एके ठिकाणी नाव एका संग्रहाचे आणि पान दुसऱ्या संग्रहाचे असे मिश्रण झाले होते. त्या पानावर आम्हांला भलताच खटला सापडला. दोन पुस्तकांतून उतरविताना एकीकडील डोके आणि दुसरीकडील धड असे ते झाले होते.

कंसांनाही अर्थ असतो, हे मला तेव्हाच कळले. इंग्लंडच्या प्रथेत वर्ष चौकोनी कंसात घातले तर त्या वर्षावाचून खंड सापडणार नाही असे समजावे. गोल कंसात घातले तर खंडांना स्वतंत्र अनुक्रमांक आहेत आणि वर्ष केवळ माहितीसाठी आहे, असे समजावे. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा निष्काळजीपणाच्या कायद्यातील गाजलेला खटला म्हणूनच ‘[१९३२] ए.सी. ५६२’ असा लिहितात. आपल्याकडे निरनिराळ्या संग्रहांचे संकेत निरनिराळे आहेत, म्हणून ज्या संग्रहातून घ्यावयाचे त्याच्या मुखपृष्ठावर दिलेला संकेत पाळावा हे उत्तम.

जुन्या निर्णयांकडे वळताच आणखी एक अडचण येते. १८७५च्या कायद्याने उच्च न्यायालयांच्या निर्णयांचे अधिकृत संग्रह काढण्याची व्यवस्था झाली आणि १८७६पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ निघू लागले. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अलाहाबाद अशा त्यांच्या निरनिराळ्या मालिका होत्या. तेव्हा नुसते ‘२२ आय.एल.आर. ११२’ लिहून भागत नाही. कोणत्या मालिकेचा बाविसावा खंड? लोकमान्य टिळकांवरील १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्याचा वृत्तान्त मुंबई मालिकेच्या बाविसाव्या खंडात ११२व्या पानापासून आहे. मुंबई हा एक शब्द गळला तर वाचक कलकत्त्याच्या वा मद्रासच्या खंडात लोकमान्यांना शोधीत बसेल.

तिसरा दोष अधिक गंभीर. आकडे बरोबर, पान बरोबर, वाक्यही त्या पानावर आहे, आणि तरीही आधार चुकीचा. हे कसे? निकालपत्रात सारीच वाक्ये न्यायालयाची नसतात. आरंभी संग्रहाच्या संपादकाने काढलेला सारांश असतो. त्याला वकील ‘हेडनोट’ म्हणतात. तो सोयीचा असला तरी न्यायाधीशाचा शब्द नव्हे. पुढे दोन्ही पक्षांच्या वकिलांचे युक्तिवाद दिलेले असतात. न्यायालय ते युक्तिवाद मांडते आणि चार पाने पुढे जाऊन फेटाळते. घाईत उतरविणारा ते फेटाळलेले वाक्यच न्यायालयाचे मत म्हणून देतो. आणि सर्वांत मोठा घोटाळा होतो तो अल्पमताचा. पीठावर पाच न्यायमूर्ती असतील तर त्यांतील एखादा वेगळे मत लिहितो. ते मत कितीही उदात्त असले तरी त्या दिवशीचा निर्णय बहुमताचाच असतो.

आणीबाणीतील ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल हा खटला याचे उत्तम उदाहरण आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी असे ठरविले की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत दिले. आज आपण ज्याचे गौरवाने स्मरण करतो ते खन्ना यांचे मत. पण एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटले आहे’ असे लिहून खन्ना यांची वाक्ये दिली, तर इतिहास उलटा होईल. ‘न्यायमूर्ती खन्ना, अल्पमत’ एवढे शब्द पुढे जोडले म्हणजे तेच अवतरण निर्दोष होते. खन्नांचे मोठेपण ते एकटे होते यातच आहे. ते एकटेपण आपल्या तळटिपेने पुसून टाकू नये.

यातूनच चौथा दोष समोर येतो. निर्णय खरा, बहुमताचा, पण आज तो उभा आहे काय? जबलपूरच्या त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड हे होते. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मान्य केला. त्या वेळी चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलेल्या प्रमुख निकालपत्रात जबलपूरचा निर्णय चुकीचा म्हणून स्पष्टपणे मोडीत काढण्यात आला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. पित्याने सही केलेला निर्णय पुत्राने रद्द ठरविला. आता जो कोणी १९७६चा निर्णय २०१७चा उल्लेख न करता उद्धृत करील, तो मृत माणसाची साक्ष काढीत आहे असेच म्हणावे लागेल.

आपल्या जवळचे आणखी एक उदाहरण देतो. डॉ. रखमाबाईंचा खटला मराठी वाचकाला ठाऊक आहे. बालपणी झालेल्या लग्नाच्या आधारे पतीने त्यांना नांदायला येण्यासाठी न्यायालयात खेचले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी पतीचा दावा फेटाळला. मुंबई मालिकेच्या नवव्या खंडात ५२९व्या पानावर तो निर्णय आहे. कित्येक लेख तेथेच थांबतात आणि रखमाबाई जिंकल्या असे वाचकाला वाटते. परंतु पुढच्याच, दहाव्या खंडात ३०१वे पान उघडावे. १८८६ साली अपिलात पिन्ही यांचा निर्णय फिरविला गेला. मार्च १८८७ मध्ये, पतीच्या घरी जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. शेवटी १८८८ साली पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. नवव्या खंडापाशी थांबणाऱ्या लेखकाने त्या बाईचा सारा छळ एका तळटिपेत गाळून टाकला असे होते.

इंदूरच्या श्रोत्यांना शाहबानो यांचे नाव नवीन नाही. त्यांच्या पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर १९८६ साली संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांविषयी नवा कायदा केला. २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला, पण घटस्फोटित स्त्रीच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद पतीने केलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. पुढे १० जुलै २०२४ रोजी, तेलंगणातून आलेल्या एका प्रकरणात, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीचा मार्ग घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्या कलम १२५ची जागा आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ने घेतली आहे. पाहा, एका निर्णयामागे केवढी मालिका उभी आहे! ज्याने १९८५चा निर्णय दिला आणि पुढचे काही सांगितले नाही, त्याने गोष्टीचा पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटले.

पाचवा दोष आमच्या गोमंतकीय बांधवांच्या विशेष परिचयाचा. तेथे कुटुंबाच्या मालमत्तेविषयी बोलताना ‘पोर्तुगीज कायद्याप्रमाणे’ असे सर्रास म्हटले जाते. हा कायदा म्हणजे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. १८७०पासून ती गोव्यात लागू झाली आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६२च्या अधिनियमाने ती चालू राहिली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलु कुतिन्यु विरुद्ध मारिया लुईझा व्हालेंतिना परेरा या खटल्यात, ही संहिता आता भारताच्याच कायद्याचा भाग होय असे ठरविले. परंतु मधल्या काळात गोवा विधानसभेने वारसाहक्काविषयी स्वतंत्र अधिनियम केला. त्याच्या नावात २०१२ हे वर्ष आहे, आणि तो अंमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणून वारसाविषयी लिहिताना जुन्या संहितेचे कलम देऊन चालत नाही. कोणत्या तारखेला कोणता कायदा अंमलात होता हे पाहावे लागते. शिवाय मूळ संहिता पोर्तुगीज भाषेत. बहुतेक जण तिचा अनुवाद वाचतात. अनुवाद वाचला असेल तर तसे तळटिपेत लिहावे. त्यात कमीपणा नाही. मूळ वाचल्याचा आव आणण्यात मात्र आहे.

हा विषय माझ्या विद्यार्थिनीने का निवडला, हे तिने तिसऱ्या रविवारी सांगितले. तिची आजी बारदेशातली. आजोबा वारल्यावर एका नातलगाने आजीपुढे टंकलिखित कागद ठेवला. त्यात पोर्तुगीज कायद्याच्या एका कलमाचा क्रमांक देऊन, विधवेला घरात राहण्यापुरताच हक्क आहे, मालकी नाही, असे लिहिले होते. आजीने कागदावर आकडा पाहिला आणि तिला ते खरेच वाटले. अंगठा उठविण्याची तयारी झाली होती. तेव्हा कोणा शहाण्या शेजाऱ्याने म्हटले, “थांबा, ते कलम काढून पाहू.” पाहिले तर त्या क्रमांकाचे कलम भलत्याच विषयाचे होते. वास्तविक त्या संहितेप्रमाणे, लग्नाच्या वेळी निराळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक समजली जाते आणि निम्मा हिस्सा पत्नीचा स्वतःचाच असतो. आजीचे अर्धे घर त्या दिवशी वाचले. मी तिला म्हटले, “मग बाळ, तळटिपा कोण वाचतो असे तू मला कसे विचारलेस?” ती काही बोलली नाही. घरी जाऊन तिने उरलेल्या टिपा पुन्हा लिहून काढल्या.

सहावा आणि शेवटचा दोष आमच्या प्रबंधात नव्हता, पण तो आता पसरू लागला आहे, म्हणून सांगतो. आजवर लोक दुसऱ्याच्या पुस्तकातून आधार उतरवीत. निदान तो आधार कोठेतरी होता. आता यंत्राला विचारले असता ते नसलेले खटले आकड्यांसह बनवून देते. न्यूयॉर्कमध्ये एका विमानप्रवाशाने विमानकंपनीवर दुखापतीबद्दल दावा केला होता. माता विरुद्ध आव्हियांका या नावाने तो ओळखला जातो. प्रवाशाच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या लेखी युक्तिवादात अस्तित्वातच नसलेल्या निर्णयांचे हवाले होते. न्यायाधीशांची नावे, अवतरणे, सारे काही होते. निर्णय तेवढे नव्हते. ते चॅटजीपीटी या संगणकीय साधनाकडून घेतलेले होते. २२ जून २०२३ रोजी न्यायालयाने त्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही. माझा स्वतःचा नातू नसलेला तरुण शेजारी मला त्याच्याच साहाय्याने पत्रे लिहून देतो. पण यंत्राने सांगितलेला खटला म्हणजे बाजारात ऐकलेली बातमी समजावी. पान उघडून डोळ्यांनी पाहिल्यावाचून ती तळटिपेत जाता कामा नये.

आता कोणी म्हणेल, मास्तर, आमच्याकडे वकीलसाहेबांची कपाटे कोठून यायची? ही तक्रार पूर्वी खरी होती. आज पुष्कळशी दूर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या अधिकृत संग्रहातील निर्णय संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी प्रत्येक निर्णयाला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. प्रथम वर्ष, मग ‘आय.एन.एस.सी.’ ही अक्षरे, मग अनुक्रमांक. हा क्रमांक कोणत्याही प्रकाशकाच्या पानावर अवलंबून नाही. आतील जागा दाखवावयाची ती पानाने नव्हे, परिच्छेदाच्या क्रमांकाने.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भगवद्गीतेचा आधार देताना कोणी पान सांगत नाही. अध्याय आणि श्लोक सांगतो. ज्ञानेश्वरीची ओवीही तशीच दाखवितो. आम्ही ख्रिस्ती लोक बायबलाचा आधार अध्याय आणि वचन यांच्या क्रमांकांनी देतो. बायबलाचे आजचे अध्याय तेराव्या शतकातले आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक १५५१ साली रॉबेर एत्येन या मुद्रकाने घातलेले. तेव्हापासून रोमपासून वसईपर्यंत कोणतीही आवृत्ती, कोणतीही भाषा असो, वचन एका क्षणात सापडते. न्यायालयांनी ही सोय आता केली, याबद्दल त्यांचे आभार मानावेत आणि ती वापरावी.

लेखनपद्धती कोणती, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. अमेरिकेत १९२६पासून ‘ब्लूबुक’ चालते, ऑक्सफर्डची ‘ऑस्कोला’ ही पद्धती प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय विधी संस्थेचेही नियम आहेत. कोठे पूर्णविराम घालावा, नाव तिरप्या अक्षरांत छापावे की नाही, यांविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. आपल्या विद्यापीठाने जी सांगितली असेल ती घ्यावी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पाळावी. पद्धती हा वेश आहे. वेश नीटनेटका असावा, पण आतील माणूस खरा असणे अधिक महत्त्वाचे.

म्हणून निरोप घेताना, आमच्या वकीलसाहेबांनी त्या मुलीला जे प्रश्न लिहून दिले ते तुम्हांलाही सांगतो. प्रत्येक तळटिपेला ते विचारावेत. अधिनियमाचे पूर्ण नाव आणि वर्ष आहे काय? मी हे पान स्वतः उघडले आहे काय? हे वाक्य न्यायालयाचे आहे, की वकिलाचे, संपादकाचे, वा अल्पमताचे? हा निर्णय किंवा हे कलम आज उभे आहे काय, आणि मी ज्या काळाविषयी लिहितो आहे त्या काळी होते काय? जे मी दुसऱ्याकडून घेतले ते ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे प्रांजळपणे म्हटले आहे काय? आणि शेवटी, दूरच्या गावचा अनोळखी वाचक केवळ माझ्या टिपेवरून नेमक्या परिच्छेदापर्यंत पोहोचेल काय?

त्या मुलीचा प्रबंध पुढे मान्य झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एक तळटीप निवडली आणि तो खंड मागविला. पान उघडले आणि वाक्य तेथे होते. तिने मला दूरध्वनीवरून हे सांगितले तेव्हा तिचा आवाज थोडा कापत होता. “सर, त्यांनी नेमकी तीच टीप काढली, जी आपण दुसऱ्या रविवारी दुरुस्त केली होती.”

मी तिला म्हटले, “आजीला सांग.”